एका कॉम्प्युटरवर पाच जण: आपल्या फाइलींना कुलूप कसं घालायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात मी हिशेब बघते, तिथल्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच आहे. सकाळी त्यावर मी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, उघडते. दुपारी डिझाइनवाला जकार्डची डिझाइनं काढत बसतो. संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे मालक, बँकेचं बघतात. मधेच त्यांचा कॉलेजातला मुलगा कसले तरी फॉर्म भरायला येतो आणि पाचवा हात ट्रान्सपोर्टवाल्याचा, बिल्टीची प्रिंट काढण्यापुरता. यात चोर कोणी नाही. तरी एकदा कामगारांच्या पगाराची एक्सेल शीट कोणीतरी उघडून बघितली, कोणाला किती उचल दिलीय ते मागावर चर्चेला आलं, आणि पुढचा आठवडाभर "त्याला जास्त, मला कमी का?" याची उत्तरं मी देत बसले.

त्यानंतर आम्ही नीट घडी बसवली. एक रुपयाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागलं नाही. ज्यांना यातलं काहीच येत नाही, त्यांच्यासाठी ते क्रमाने सांगते. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून चालले आहे. १० साठीचा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, त्यामुळे अजून त्यावर असाल तर तेही बघून घ्या.

लपवलेलं आणि कुलूपबंद

सुरुवात आमच्या डिझाइनवाल्यापासून करते. त्याची डिझाइनं म्हणजे कारखान्याची कमाई. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण ते नावाला संरक्षण देतं. पेनड्राइव्हमधून पलीकडच्या गल्लीत गेलेली डिझाइनची फाइल काही ते परत आणत नाही. त्याला विचारलं, फाइली कुठे ठेवतोस? म्हणाला, "ताई, टेन्शन नाही. फोल्डर हिडन केलाय. कोणाला दिसतच नाही."

मी त्याच्यासमोर डी ड्राइव्ह उघडला, वर 'व्ह्यू'मध्ये गेले आणि 'हिडन आयटम्स'वर टिक केली. फिकट रंगात त्याचा फोल्डर समोर आला. चार सेकंदही लागले नसतील.

फोल्डरला कुलूप घालून देतो म्हणणारी बरीच फुकट सॉफ्टवेअर असतात, त्यातली कित्येक एवढंच करतात. फोल्डर लपवायचा आणि दारात पासवर्डची एक खिडकी उभी करायची. फाइल आतून आहे तशीच राहते. लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू केला किंवा हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं उघडं. खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. त्यात फाइलीतला मजकूरच पासवर्डाच्या आधाराने असा गुंतवून टाकतात की पासवर्डाशिवाय हार्डडिस्क हातात असूनही नुसता कचरा दिसतो. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना ते एन्क्रिप्ट करतं की नुसतं लपवतं, हे आधी बघा. आणि अशा सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली 'फुल व्हर्जन' कुठल्या तरी व्हिडिओखालच्या लिंकवरून कधीच उतरवू नका. घराचं कुलूप चोराकडून घेतल्यासारखं होईल ते.

कोणापासून लपवायचंय?

हे न ठरवता लोक सॉफ्टवेअर शोधायला लागतात आणि मग सगळ्यालाच कुलूप घालून स्वतः वैतागतात. शेजारी बसणाऱ्याने सहज डोकावू नये एवढंच हवं असेल तर विंडोजचं वेगळं खातं पुरतं. कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, किंवा ॲडमिनचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड दुसऱ्याकडे आहे, तर एन्क्रिप्ट केलेली पेटी हवी. पेनड्राइव्ह बसमध्ये राहिला तर काय, ही काळजी असेल तर पेनड्राइव्हच एन्क्रिप्ट करा. आमच्याकडे तिन्ही लागले. घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेकांना पहिले दोनच लागतील.

पहिली पायरी: प्रत्येकाचं वेगळं खातं

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची. सगळे एकाच खात्यात बसत असतील तर पुढचं सगळं अर्धवटच काम करतं.

'सेटिंग्ज' उघडा, 'अकाउंट्स'मध्ये जा, तिथे 'अदर यूजर्स' दिसेल. विंडोज १० मध्ये त्याचं नाव 'फॅमिली अँड अदर यूजर्स' आहे. 'ॲड अकाउंट' म्हटलं की विंडोज ईमेल मागतं. ईमेल द्यायचा नसेल तर खालच्या ओळीवर, म्हणजे या व्यक्तीची साइन-इनची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाच्या ओळीवर क्लिक करा. पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडण्याचा पर्याय येतो. नाव द्या, पासवर्ड द्या.

मग विंडोज तीन प्रश्न विचारतं. पासवर्ड विसरलात तर त्यांची उत्तरं देऊन आत जाता येतं, आणि इथेच घोळ होतो. जन्म कुठल्या शहरात झाला, हा त्यातला एक प्रश्न. आमच्या ऑफिसात पाचही जणांचं उत्तर एकच आहे! तेव्हा उत्तरं खरी देऊ नका. काहीही द्या, फक्त लिहून ठेवा.

नवीन खातं आपोआप 'स्टँडर्ड' प्रकारचं होतं, ते तसंच राहू द्या. ॲडमिनिस्ट्रेटर खातं एकच असावं, ते मालकाकडे किंवा घरच्या कर्त्या माणसाकडे, आणि रोजच्या कामाला त्यांनीही ते वापरू नये. का, ते सांगते. स्टँडर्ड खात्यातल्या माणसाला दुसऱ्याचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स उघडता येत नाहीत. ॲडमिनला मात्र 'कंटिन्यू'वर एक क्लिक केलं की सगळं उघडतं. आणखी एक, हे संरक्षण आपल्या यूजर फोल्डरपुरतंच असतं. डी ड्राइव्हवर नुसता फोल्डर करून ठेवलात तर तो साधारणपणे सगळ्यांनाच दिसतो. आपल्याकडे तर सगळ्यांना सगळं डी मध्येच ठेवायची सवय, कारण उद्या विंडोज मारायची, म्हणजे नव्याने टाकायची, वेळ आली तर सी ड्राइव्ह उडतो.

जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते. चहा आला म्हणून उठलात तरी. ही सवय लागायला मला महिना लागला. अण्णांना अजून लागलेली नाही.

दुसरी पायरी: व्हेराक्रिप्टची पेटी

आता खरं काम. व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर आहे आणि त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते आतून कसं लिहिलंय ते, कोणालाही बघता येतो. आधी ट्रूक्रिप्ट नावाचं असंच एक होतं. ते मे २०१४ मध्ये बनवणाऱ्यांनी अचानक बंद केलं. त्याच्याच कोडवरून २०१३ पासून व्हेराक्रिप्ट तयार होत होतं, ते पुढे चाललं. डाउनलोड त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, पण एकदाच. नंतर स्टँडर्ड खात्यातूनही ते वापरता येतं.

कल्पना सोपी आहे. तुम्ही एक मोठी फाइल तयार करता. ती बंद असताना नुसती फाइल, पासवर्ड टाकून उघडली की कॉम्प्युटरमध्ये एक नवा ड्राइव्ह उगवतो. काम झालं की तो ड्राइव्ह बंद करायचा, परत नुसती फाइल उरते. आमच्याकडे तिला पेटी म्हणतात, मीही तेच म्हणते.

व्हेराक्रिप्ट उघडून 'क्रिएट व्हॉल्यूम' दाबा. पहिल्या पानावर तीन पर्याय येतात. सगळ्यात वरचा, 'एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर'वाला घ्या. खालचे दोन अख्खी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, आणि विंडोजचा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायचे आहेत. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, चुकीचा ड्राइव्ह निवडला गेला तर आतला माल गेला. पुढे 'स्टँडर्ड' घ्या. 'हिडन' हा वेगळाच प्रकार आहे, आपल्याला त्याचं काम नाही.

आता ते विचारेल फाइल कुठे ठेवायची. इथे पुष्कळ जण फसतात. आपला पगाराचा फोल्डर डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे वाटतं की हीच फाइल निवडायची म्हणजे तिला कुलूप लागेल. तसं होत नाही. आधीच असलेली फाइल निवडलीत तर व्हेराक्रिप्ट ती पुसून तिच्या जागी नवी, रिकामी पेटी करतं. ते आधी विचारतं, पण घाईत आपण 'येस' दाबतो. म्हणून नवीन नाव टाइप करा, आधी कधी नसलेलं. नाव साधं ठेवा. 'पगार गुप्त' असं नाव देऊन पाहुण्यांना बोलावू नका आणि व्हिडिओ फाइलसारखं नावही नको, कोणीतरी सिनेमा समजून डबल क्लिक करत बसेल. पेटी आपल्या यूजर फोल्डरमध्ये ठेवा, डी वर उघड्यावर नको. एन्क्रिप्शनमुळे फाइल वाचता येत नाही, पण डिलीट करता येतेच की. अण्णांच्या मुलाने एकदा गेमसाठी जागा करताना "ही कसली मोठी फाइल, काही उघडतच नाही" म्हणत माझी पेटी रिसायकल बिनमध्ये टाकली होती. बिन रिकामी केली नव्हती म्हणून वाचले.

एन्क्रिप्शनचे पर्याय येतील, एईएस आणि एसएचए-५१२ असं आधीच निवडलेलं असतं. हात लावू नका.

मग आकार. मी ३ जीबीची करते. हिशेब, स्कॅन, पगारपत्रकं यांना तेवढी पुष्कळ होते, आणि जुन्या पद्धतीने म्हणजे फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल कॉपीच होत नाही. डिझाइनवाल्याने हट्टाने ५० जीबीची केली आणि आता तिचा बॅकअप घ्यायचं म्हटलं की अर्धी दुपार जाते.

पासवर्ड टाका. २० अक्षरांपेक्षा छोटा असेल तर व्हेराक्रिप्ट टोकतं, आणि ते बरोबर आहे. पासवर्डाबद्दल खाली सविस्तर बोलते. त्यानंतरच्या पानावर माउस खिडकीत वेडावाकडा फिरवायला सांगतात. ही गंमत नाही. तुमच्या हाताच्या त्या बेशिस्त हालचालीतून किल्ली तयार करायला लागणारे यादृच्छिक आकडे मिळतात. खालची पट्टी हिरवी होईपर्यंत फिरवा, मग 'फॉरमॅट' दाबा. इथे फॉरमॅट फक्त पेटीच्या आतल्या जागेचा होतो, डी ड्राइव्हचा नाही. हा शब्द वाचून आमच्याकडे एकाने सरळ प्लग काढला होता.

पेटी झाली. आता ती उघडायची. मुख्य खिडकीत ड्राइव्हच्या अक्षरांची यादी दिसेल, त्यातलं एक निवडा. मी 'पी' घेते, पेटीचा पी. 'सिलेक्ट फाइल'ने आपली फाइल दाखवा. शेजारी 'नेव्हर सेव्ह हिस्टरी' नावाची चौकट आहे, तिच्यावर टिक असू द्या, म्हणजे कुठली फाइल उघडली त्याची नोंद राहत नाही. 'माउंट' दाबा, पासवर्ड टाका, थोडं थांबा. 'धिस पीसी'मध्ये पी ड्राइव्ह आलेला दिसेल. त्यात फाइली ठेवा, उघडा, बदला, नेहमीसारखं. काम संपलं की 'डिसमाउंट' दाबा. नव्या आवृत्तीत त्याच बटणावर 'अनमाउंट' लिहिलंय.

आता शेअर्ड कॉम्प्युटरवाल्यांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट. पेटी उघडी असताना तुम्ही नुसतं 'स्विच यूजर' करून दुसऱ्याला बसू दिलंत, तर तुमचा पी ड्राइव्ह त्याच्या खात्यातूनही दिसतो. उघडी पेटी त्या मशीनवर लॉग-इन असलेल्या सगळ्यांसाठी उघडी असते. म्हणून उठण्याआधी पेटी बंद, मग साइन आउट. विसरायची भीती असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये ती आपोआप बंद होण्याची सोय आहे: साइन आउट केलं की, स्क्रीन लॉक झाली की, स्क्रीनसेव्हर आला की, किंवा अमुक मिनिटं काही वाचलं-लिहिलं गेलं नाही की. मी चारही लावल्यात. पेटीतली एक्सेल उघडी ठेवून उठलात तर मात्र सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं, तेव्हा आधी कंट्रोल-एस.

लाइट गेली तर? पेटी उघडी असताना मशीन धाडकन बंद पडलं तर तिच्या आतल्या फाइलींना, कुठल्याही ड्राइव्हला होईल तशी, इजा होऊ शकते. यूपीएस असेल तर ठीकच, नसेल तर बॅकअप हवाच. पेटी बंद करून ती एकच फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली की झाला बॅकअप, तोही कुलूपबंद. यात एक खोच आहे. आत बदल केले तरी व्हेराक्रिप्ट पेटीच्या फाइलची तारीख जुनीच ठेवतं. तारीख बघून बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याला वाटतं काही बदललंच नाही, आणि ते पेटी सोडून पुढे जातं. प्रेफरन्सेसमध्ये तारीख जपण्याची टिक काढा किंवा हाताने कॉपी करा.

अख्खा ड्राइव्ह: बिटलॉकर

अख्ख्या ड्राइव्हला कुलूप घालणारा बिटलॉकर विंडोजमध्येच येतो, पण प्रो, एंटरप्राइझ, एज्युकेशन या प्रकारांत. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे तुमचा प्रकार कळेल. होम असेल तर हा भाग वाचून सोडा, फक्त शेवटचा परिच्छेद सोडू नका.

पेनड्राइव्हसाठी मला बिटलॉकरच आवडतो. पेनड्राइव्ह लावा, त्यावर राइट क्लिक करा, 'टर्न ऑन बिटलॉकर', पासवर्ड द्या, रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरलात तर उघडायची किल्ली, सेव्ह करा. ही ४८ आकडी असते. ती त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका, प्रिंट काढा. दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर 'कंपॅटिबल मोड' निवडा. असा पेनड्राइव्ह होम विंडोजवर पासवर्ड टाकून उघडता येतो, तयार मात्र करता येत नाही. सीए साहेबांकडे महिन्याचे आकडे मी असेच नेते.

डी ड्राइव्हलाही तसंच करता येतं, पण शेअर्ड कॉम्प्युटरवर त्यात एक अडचण आहे. सकाळी पासवर्ड टाकून डी उघडला की तो मशीन रीस्टार्ट होईपर्यंत उघडाच राहतो. परत लॉक करायचं सोपं बटण राइट क्लिकमध्ये नाही. त्यासाठी कमांड आहे, पण ती रोज कोण टाइप करणार? मशीन चोरीला गेलं तर बिटलॉकर वाचवतो. दुपारी तुमच्याच खुर्चीवर बसणाऱ्यापासून तो वाचवत नाही. त्यासाठी पेटीच.

आता होमवाल्यांसाठी. नव्या लॅपटॉपवर होममध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की अनेकदा ते न सांगता चालू होतं. त्याची रिकव्हरी की ज्या खात्याने पहिल्यांदा सेटअप केला त्या खात्यात जाऊन बसते. आपल्याकडे सेटअप कोण करतं? भाचा, किंवा दुकानातला पोरगा. उद्या निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले की तुम्ही त्याला शोधत फिरणार. आज 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन ते चालू आहे का बघा. असेल तर की कोणाच्या खात्यात आहे ते शोधून कागदावर घ्या.

एकेका फाइलीपुरतं

ईमेलने काही पाठवायचं असेल तर सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. फोल्डरवर राइट क्लिक, सेव्हन-झिपमधलं 'ॲड टू आर्काइव्ह'. फॉरमॅट झिप नको, सेव्हन-झेड निवडा, कारण झिपमध्ये जुनं कच्चं कुलूप आधीच निवडलेलं असतं. पासवर्ड द्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा, नाहीतर आतल्या फाइलींची नावं सगळ्यांना दिसतात. मूळ फोल्डर तसाच बाहेर उरतो, हे विसरू नका. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे कुलूप नाही. सूत्रं चुकून बदलू नयेत एवढ्यासाठीच ते असतं, सहज काढता येतं. खरं कुलूप 'फाइल', 'इन्फो', 'प्रोटेक्ट वर्कबुक', 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' इथे आहे. माझी ती पगाराची शीट 'प्रोटेक्ट' होती बरं का!

टॅलीवाल्यांसाठी टॅलीव्हॉल्ट आहे. तो लावला की कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट होतो आणि यादीत कंपनीच्या नावाऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात. पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवता येत नाही, म्हणून मालकाला विचारल्याशिवाय लावू नका.

आणि ई-आधारची पीडीएफ. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला ती उघडता येते, म्हणजे अख्ख्या कारखान्याला. प्रिंट काढून ती डाउनलोड्समध्ये टाकून जाऊ नका. चालत असेल तिथे शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार द्या.

मागे उरणारा कचरा

पेटी केली, फाइल आत कॉपी केली, बाहेरची डिलीट केली. झालं? नाही. डिलीट केलेली फाइल बिनमध्ये असते. बिन रिकामी केली तरी साध्या हार्डडिस्कवर ती रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत येते. विंडोजमध्ये 'सायफर' नावाची कमांड आहे, ती रिकामी जागा पुसून काढते, पण एसएसडीवर, म्हणजे नव्या चिपवाल्या डिस्कवर, तिचा भरवसा धरता येत नाही. त्यापेक्षा संवेदनशील फाइल जन्मालाच पेटीत घाला. आधी पेटी उघडा, मग त्यातच नवीन एक्सेल तयार करा.

तरी एक्सेल स्वतःची ऑटोरिकव्हर प्रत सी ड्राइव्हवर, तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ठेवत असतं. नीट बंद केलं की ती जाते, लाइट गेली तर राहते. पहिल्या पायरीत वेगळं खातं का करायला लावलं, ते इथे कळेल. ती प्रत निदान दुसऱ्याच्या हाती सहज लागत नाही.

सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात पेटी उघडूच नका. तिथल्या मशीनवर कळा नोंदवणारं काही बसवलेलं असेल तर पासवर्डच जातो. कुठलंही एन्क्रिप्शन त्यापुढे काही करू शकत नाही.

पासवर्ड आणि पाकीट

सोलापुरात दहा जणांचे पासवर्ड ओळखायला बसले तर सिद्धेश्वर आणि त्यापुढे ६८ यात दोघं-तिघं तरी सापडतील असं मला वाटतं. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची अडुसष्ट लिंगं सगळ्यांनाच पाठ! त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. भाकरी, खिळा, रिक्षा, कापूर, तेरावा असं काहीतरी, मात्र हे नव्हे, हे आता छापलं गेलं. देवनागरीत ठेवू नका. दुसऱ्या मशीनवर मराठी कीबोर्ड नसेल तर बसाल बघत.

आता माझीच गोष्ट. काही वर्षांपूर्वी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेच्या, आदल्या दिवशी, मी पेटीचा पासवर्ड बदलला. पेटीत जुन्या डिझाइनचे चाळीसेक स्कॅन होते. दुसऱ्या दिवसापासून यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, १३ तारखेच्या अक्षता, संक्रांत, पाहुणे. पाच दिवसांनी खुर्चीवर बसले आणि नवा पासवर्ड पूर्ण गायब. पहिला शब्द आठवत होता, तिसरा आठवत होता. दोन दिवस एकेक जुळणी टाकून बघितली. व्हेराक्रिप्टमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असं काही नसतं. उलट प्रत्येक प्रयत्नाला ते पासवर्डावर ५ लाख वेळा तेच गणित करतं, अंदाज लावणाऱ्याचा वेळ जावा म्हणून. इथे अंदाज लावणारी मीच होते. शेवटी कपाटातले डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे जुने नमुने काढून चाळीस स्कॅन परत केले. नमुने नसते तर ती डिझाइनं गेलीच होती.

तेव्हापासून पासवर्ड कागदावर असतो. "पासवर्ड कधीही लिहू नका" हा सल्ला मला पटत नाही. मॉनिटरला चिकटवू नका एवढंच खरं. कागद पाकिटात घालून, चिकटवून, त्या जोडावर आडवी सही करून ते अण्णांच्या चेकबुकाच्या कपाटात ठेवलंय. बिटलॉकरच्या रिकव्हरी कीची प्रिंटही त्यातच. सही मोडलेली दिसली तर समजायचं कोणीतरी उघडलंय. पासवर्ड बदलला की आधी पाकीट, मग चहा.

परीक्षा

जुने उघडे फोल्डर लगेच डिलीट करू नका. आधी दुसऱ्या कोणाच्या खात्यात त्यालाच बसवा आणि तुमच्या फाइली शोधायला सांगा. अण्णांच्या मुलाने हे काम फार आवडीने केलं, डी ड्राइव्हवर विसरलेली एक प्रतही शोधून दिली. मग पेटीची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवरून दुसऱ्या मशीनवर न्या, तिथे व्हेराक्रिप्ट घाला आणि पाकीट फोडून, आठवणीतून नाही तर कागदावर बघून, पासवर्ड टाका. उघडली, आतल्या दोन-तीन फाइली नीट दिसल्या, की नवं पाकीट करून कपाटात ठेवा. जुना फोल्डर मग डिलीट करा.